मातीकाम शिकायचंय? चाकाचं नंतर बघू

मातीकाम म्हटलं की सगळ्यांना पहिल्याच दिवशी चाकावर बसायचं असतं. पण मला अगदी मनापासून वाटतं की सुरुवात हातानेच करावी, कारण चाकावर गोळा नुसता मधोमध स्थिर करायला शिकण्यातच खूप वेळ जातो आणि तोवर बऱ्याच जणांचा उत्साह मावळतो.

शाडू गणपतीला मस्त, पण ती मूर्ती वाळवून रंगवतात, भाजत नाहीत. भाजायची वस्तू करायची असेल तर टेराकोटा (लाल भाजणारी) किंवा स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजून दगडासारखी कडक होणारी) तयार माती घ्या. ती नीट मळायची, पण कणकेसारखी दुमडून दुमडून नाही हां, दुमडली की आत हवा अडकते. तळव्याने दाबत पुढे रेटायची, परत ओढायची.

मग मोसंबीएवढा गोळा घ्या, मधोमध अंगठा घाला, तळाला साधारण 1 सेंटीमीटर जाडी ठेवा आणि गोळा फिरवत फिरवत चिमटीने भिंत दाबत वर या. झालं बोळकं! काठ चिरायला लागला तर ओलं बोट फिरवा, पण पाणी ओतू नका, माती लगेच बसते. जाडी सगळीकडे सारखी ठेवा, बाकी आकार कसाही येऊ दे, छानच दिसतो.

कपाला कान लावायचा असेल तर दोन्हीकडे सुईने आडवे-उभे ओरखडे काढायचे, मातीचा पातळ लगदा (याला स्लिप म्हणतात) लावायचा आणि दाबायचं. कप आणि कान दोन्ही सारखेच ओलसर हवेत, नाहीतर वाळताना एक जास्त आकसतो आणि जोड सुटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वाळवणं. उन्हात ठेवू नका प्लीज. सावलीत, वर प्लास्टिक सैल टाकून, हळूहळू. पावसाळ्यात तर खूपच वेळ लागतो, लागू दे. वस्तू गालाला लावून बघायची, गार लागली तर आत अजून पाणी आहे. तशीच भट्टीत गेली तर त्या पाण्याची वाफ होते आणि वस्तू फुटते, शेजारच्याचीही जाते कधीकधी.

घरचा ओव्हन फार तर 250 अंशांपर्यंत जातो, त्यात माती भाजली जात नाही. पहिली भाजणी साधारण 950-1000 अंशांना होते. बरेच स्टुडिओ पैसे घेऊन भाजून देतात, आधी विचारून ठेवा, तुमची माती किती तापमानाला भाजायची आहे तेही सांगा.

आणि भाजेपर्यंत काहीही वाया जात नाही, हे मला या कामातलं फार आवडतं! मनासारखं नाही झालं तर पूर्ण कडक वाळू द्या, मग तुकडे करून पाण्यात टाका, आपोआप विरघळतात. अर्धवट ओली माती मात्र तशीच ढेकळं धरून बसते.

हात बादलीत धुवा, सिंकमध्ये नको, पाइप तुंबतो. आणि वाळलेली धूळ झाडू नका, ती श्वासातून आत जाणं चांगलं नाही, ओल्या फडक्यानेच पुसा.