वापरल्यावर उरते की संपते?

आमच्या वर्गात ‘यूज’ या इंग्रजी क्रियापदाला पर्यायी शब्द पाठ करण्याची साथच आली होती. मार्गदर्शिकेत युटिलाइझ, कन्झ्यूम, एम्प्लॉय, अप्लाय, एक्झॉस्ट हे शब्द स्वल्पविराम देऊन एका ओळीत छापलेले असत, आणि त्यांतला सर्वांत भारदस्त शब्द निबंधात घातला की गुण वाढतात अशी आमची पक्की समजूत होती. इंग्रजीच्या सरांनी ती ओळ जशीच्या तशी फळ्यावर उतरवली आणि विचारले, “हे सगळे एकच असतील, तर इंग्रजांनी एवढे शब्द सांभाळले कशाला?”

उत्तर कोणी दिले नाही. मग त्यांनी हातातला खडू वर धरला. खडूही आपण वापरतो आणि फळाही वापरतो. तास संपला तरी फळा होता तेवढाच राहतो, खडू मात्र झिजून नखाएवढा होतो. फळ्याला यूज पुरे. खडूला यूज अप. अन्न, इंधन, वीज असे जे जे वापरता वापरता खर्ची पडते त्याला कन्झ्यूम, आणि साठा पार तळाला गेला की एक्झॉस्ट. एम्प्लॉय आणि अप्लाय यांची बोळवण त्यांनी दोन वाक्यांत केली. ‘यूज’ या क्रियापदाच्या शेवटी ‘झ’ आणि त्याच नामाच्या शेवटी ‘स’ हा उच्चारातला फरक मात्र त्यांनी साऱ्या वर्गाकडून इतक्या वेळा म्हणून घेतला की शेजारच्या वर्गातून निरोप आला.

युटिलाइझवर त्यांचा विशेष राग होता. यूज इंग्रजीत मध्ययुगापासून रुळलेला, तर युटिलाइझ एकोणिसाव्या शतकात फ्रेंचमधून आलेला. दोघांचे मूळ लॅटिनच. एका मुलाने ‘मी पेन युटिलाइझ केले’ असे लिहिले, तेव्हा सर म्हणाले, “का रे, पेन अडगळीत पडून होतं का?” पडून राहिलेल्या किंवा मुळात दुसऱ्याच कामासाठी असलेल्या वस्तूचे चीज करणे, ही त्या शब्दाची खरी जागा, असे त्यांचे मत. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही कच्ची गणिते करायचो, तिथे तो चालेल म्हणाले. इतर ठिकाणी तो लिहिला की लाल रेघ ठरलेली.

पुढे पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि कृष्णा पाणीवाटप लवादाचा निवाडा वाचण्याची वेळ आली. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील या लवादाने 1973 मध्ये निर्णय आणि 1976 मध्ये पुढील अहवाल दिला. महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आले, हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. पण ‘यूज’ म्हणजे नेमके काय मोजायचे हे निवाड्यात स्वतंत्र कलम घालून ठरवले आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वापर म्हणजे नदीच्या पाण्यात पडलेली घट. जलाशयातून वाफ होऊन गेलेले पाणीसुद्धा त्यात धरायचे आणि शेतातून पाझरून नदीत परत येणारे पाणी वजा करायचे नाही. घरगुती व नगरपालिकांच्या पाणीपुरवठ्यासाठी मात्र उचललेल्या पाण्याचा 20 टक्के भागच वापर समजायचा, आणि उद्योगांसाठी तर अवघा अडीच टक्के, कारण उरलेले पाणी पुन्हा नदीकडे येते असे गृहीत धरले आहे. (हल्ली ते कोणत्या अवस्थेत येते, हा वेगळा विषय.) महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांचे भांडण अखेर सरांच्याच प्रश्नावर येऊन ठेपले होते: वापरल्यावर उरते की संपते?

कोयनेचे उदाहरण तर त्या तासाला फळ्यावर मांडावे असे आहे. धरणाच्या पायथा वीजगृहात टर्बाइन फिरवून बाहेर पडलेले पाणी कोयनेच्या पात्रातून पुढे कृष्णेला मिळते, म्हणजे ते वापरले पण संपले नाही. घाटाखालच्या पोफळी वीजगृहाकडे वळवलेले पाणी तसेच टर्बाइन फिरवते, परंतु सह्याद्री ओलांडल्यामुळे वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. कृष्णेच्या खोऱ्यापुरते ते कायमचे गेले. म्हणूनच निवाड्याने या पश्चिमेकडे वळवण्याच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसी अशी अंतिम मर्यादा घातली. दोन्हीकडे टर्बाइनच, काम एकच, तरी एकीकडे यूज आणि दुसरीकडे यूज अप.

लाल रेघेची सवय मलाही लागली होती, आणि हाताखालच्या अभियंत्यांच्या टिपणांतले ‘पंप युटिलाइझ केला’ मी निमूटपणे खोडून यूज करत असे. सिंचन क्षमतेच्या तक्त्याला मात्र मी कधी हात लावला नाही. त्यात निर्माण झालेली क्षमता आणि युटिलाइझ झालेली क्षमता असे दोन रकाने असतात, आणि या दोन आकड्यांतली दरी बुजवण्यासाठीच केंद्र सरकारने 1974-75 मध्ये लाभक्षेत्र विकास कार्यक्रम सुरू केला. धरण बांधून झाले आहे, कालव्याला पाणीही सुटते, परंतु शेतचारी (शेतापर्यंत पाणी नेणारी छोटी चारी) झालेली नाही किंवा वरच्या शेतकऱ्यांनी आधीच पाणी घेतले आहे, म्हणून शेपटाकडचा शेतकरी कोरडाच. तिथे क्षमता खरोखरच पडून असते, त्यामुळे त्या रकान्यात दुसरा कोणताही शब्द चालत नाही.