चावीचं घड्याळ

२६ जून, रात्र

आज शेजारच्या मुलाला घेऊन सिव्हिलला, सरकारी दवाखान्यात, तिसरी खेप. त्याची आई ज्या आजींना सांभाळते तिथं बदली बाई मिळेना, म्हणून आम्ही दोघंच गेलो. रिक्षात तो कडेला बसून तळहात पावसात धरून होता. मी काही बोलले नाही. हे न बोलणं मला फार उशिरा जमलं.

एप्रिलमध्ये कुरडया वाळत घातल्या तेव्हा तो पहिल्यांदा दिसला. गच्चीवर, टाकीमागच्या सावलीत, गुडघ्यांत डोकं घालून. वडील गेल्यावर आई त्याला बार्शीहून इकडे नाशकात, मामाकडे घेऊन आली. ऐन दहावीत. वर्ष होत आलं तरी जिन्यात कधी गाठ पडली नव्हती. मामी सांगायच्या, दिवसभर झोपतो, रात्रभर मोबाइल, जेवायला सगळ्यांबरोबर बसत नाही, काही विचारलं की अंगावर येतो. उद्धट झालाय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मीही.

"जरा कावळे राखशील का रे?" म्हटलं. त्यानं चार दिवस राखले. तेवढ्यात कळलं ते इतकंच, की वर्गात त्याच्या बोलण्याच्या ढंगाला मुलं हसायची, म्हणून त्यानं वर्गात तोंड उघडणंच सोडलं होतं.

मे महिन्यात निकाल लागला. गणित आणि विज्ञान राहिलं. मी पन्हं घेऊन वर गेले आणि सुरूच झाले. दोन विषयांना एटीकेटी मिळते, अकरावीत बसता येतं, पुरवणी परीक्षा असते, पुन्हा बसून लोक पास होतात. सगळं खरं होतं आणि त्या दिवशी त्यातलं काहीही त्याला नको होतं. आठवडाभर तो गच्चीकडे फिरकला नाही.

परत आला तो हातात घड्याळ घेऊन. वडिलांचं, एचएमटीचं, चावीचं. "काकू, हे तुमच्याकडे राहू द्या. मला लागणार नाही."

पोटात गोळा आला. खाली बसले आणि सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का रे?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती मला होती. तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे पुढे समुपदेशक बाईंनी सांगितलं. तो रडला नाही. "रोज," म्हणाला.

मग म्हणाला, आईला सांगू नका. मी म्हटलं, "हे मी एकटीच्या पोटात ठेवणार नाही. पण तुझ्या पाठीमागे सांगणार नाही, तुझ्यासमोर सांगेन." संध्याकाळी आई येईपर्यंत त्याला माझ्या स्वयंपाकघरात बसवून ठेवलं. तिथूनच १४४१६ लावला. सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासूनची. फोन फुकट, रात्रंदिवस, मराठीतून बोलता येतं. आधी मी बोलले, मग तो फोन घेऊन गॅलरीत गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. मी भाजी निवडत होते, पण कोणती ते आज आठवत नाही.

फोनवरच्या ताईंनी आम्हाला दोन गोष्टी बजावल्या. काही दिवस त्याला एकटं ठेवायचं नाही आणि घरातली औषधं कुलपात. मग सिव्हिलचं मैत्री क्लिनिक. १० ते १९ वर्षांच्या मुलांसाठी केंद्राचा किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, त्यातलं हे. फुकट. आम्ही इतकी वर्षं त्या दवाखान्यात केसपेपर काढतोय, पण हे दार कधी पाहिलं नव्हतं. तिथून मानसोपचार विभागात पाठवलं. डॉक्टरांनी आईला समजावलं, की या वयात नैराश्य रडण्यातून दिसेलच असं नाही, चिडण्यातून दिसतं, उलट्यापालट्या झोपेतून दिसतं. आई तिथंच पदराआड रडली. वर्षभर ती त्याला आळशी म्हणत होती.

मामांना हे रुचलं नव्हतं. वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला, उद्या चार लोकांत कळलं तर? त्यांच्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनाच बरोबर नेलं. त्या बाकावर दोन तास बसल्यावर, आजूबाजूची शाळकरी पोरं बघितल्यावर ते गप्प झाले. आज निघताना रिक्षाचे पैसे त्यांनीच माझ्या हातात ठेवले.

नंबर लिहून देणं सोपं असतं. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्यानं तो लावायचा, केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, अनोळखी माणसापुढे पहिलं वाक्य बोलायचं, हे त्याच्या एकट्याच्या अंगात कुठून येणार? म्हणून मी जाते. फार काही करत नाही, शेजारी बसते.

तो पूर्ण बरा झालाय असं नाही. परवा पुन्हा दिवसभर दार लावून होता. परीक्षेचं नाव अजून कोणी काढलेलं नाही. पण आज परतताना जिन्यात त्यानं मागे वळून विचारलं, "काकू, पुढच्या गुरुवारी पण साडेनऊलाच निघायचं ना?"

घड्याळ माझ्या कपाटात आहे. त्यानं मागितलेलं नाही. बंद पडू नये म्हणून रोज झोपण्याआधी चावी देते. आत्ताच दिली.