एफजेची नोंद: मागचे डावे चाक तिसऱ्यांदा

मागच्या नोंदीत मी मोठ्या ऐटीत लिहून टाकले होते की पॉपआउटचे, म्हणजे टायर रिमवरून निसटण्याचे, प्रकरण मिटले असून यापुढे सॅन्ड फ्लॅगचा (वाळवंटात गाडी दुरून दिसावी म्हणून लावायच्या उंच झेंड्याचा) नवा ब्रॅकेट, छपरावरची फावड्याची जागा अशा सुखाच्याच गोष्टी सांगायच्या उरल्या आहेत. ते विधान मी मागे घेतो. गेल्या शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, शारजातल्या म्लेहाजवळच्या फॉसिल रॉक या डोंगराच्या मागल्या अंगाला, एका अगदी सामान्य टेकडीच्या आडव्या उतारावर माझ्या टोयोटा एफजे क्रूझरचे मागचे डावे टायर पुन्हा रिमवरून उतरले. वाळवंटात गाड्या चालवणाऱ्या क्लबात आल्यापासून चार ड्राइव्ह झाले, त्यांपैकी तीन वेळा पॉपआउट झाला, आणि तिन्ही वेळा तेच चाक होते.

पहिल्या दोन वेळांना मी माझ्या अननुभवाच्या खात्यावर टाकले होते, आणि त्यात वावगे काही नव्हते. न्यूबी, म्हणजे नवशिक्या, पातळीवरचा माणूस उतारावर घाबरून स्टिअरिंग एकदम वळवतो, वाळूचा लोट टायरच्या बाजूवर रेटतो आणि वाळूसाठी हवा कमी केलेल्या टायरची कड, म्हणजे बीड (जिल्हा नव्हे), रिमच्या आतील उंचवटा ओलांडून आत घसरते. पण हे बहुतेक वेळा पुढच्या चाकांचे होते, कारण वळतात ती पुढची चाके. माझी पुढची चाके चार ड्राइव्हमध्ये एकदाही उतरली नाहीत. हा धागा मी पहिल्याच दिवशी पकडायला हवा होता. तो पकडला आमच्या मार्शलने, म्हणजे ताफा नेणाऱ्या अनुभवी चालकाने, तोही तिसऱ्या वेळी, गुडघ्यावर बसून माझ्या रिममधली वाळू ब्रशने काढता काढता. तो म्हणाला की चालकाची चूक असती तर ती कधी इथे, कधी तिथे दिसली असती. एकाच चाकावर ती अशी निष्ठेने बसत नाही.

टायर जागेवर बसवण्याचे काम आता मला बऱ्यापैकी जमू लागले आहे, हीच या प्रकरणातली एक जमेची बाजू. जॅकखाली लाकडी फळी, कडेच्या आतली वाळू आधी ब्रशने आणि मग बाटलीभर पाण्याने साफ करणे, व्हॉल्व्हमधली पिन काढून हवेला वाट मोकळी करणे आणि कॉम्प्रेसर पूर्ण जोराने सोडणे. दोन्ही कडा ‘ठप्प, ठप्प’ अशा जागेवर बसल्याचा आवाज आला की ताफ्यातली मंडळी टाळ्या वाजवतात. शनिवारी मला त्यासाठी १९ मिनिटे लागली, पहिल्या वेळी ५० लागली होती. या ठिकाणी एक मत नोंदवून ठेवतो: सिगारेट लायटरच्या खोबणीत खुपसायचे छोटे कॉम्प्रेसर घेऊ नयेत. निसटलेली कड बसवण्याइतकी हवा ते एका दमात देऊ शकत नाहीत आणि फ्यूज मात्र उडवतात. थेट बॅटरीला चिमटे लावायचा, दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर मी उशिरा घेतला. आधी घेतला असता तर छोट्यावरचे पैसे तरी वाचले असते.

या वेळी कड बसवल्यावर मी एक नवे काम केले, ते म्हणजे दर थांब्यावर चारही चाकांतला दाब मोजला. सुरुवातीला सर्व चाकांत १४ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) होते. दोन तासांनी तीन चाके १४ वर कायम होती आणि मागचे डावे साडेदहावर आले होते. मनात आधी आले की महामार्गावरून आलेले टायर तापलेले असताना आपण हवा सोडली, नंतर ते निवले आणि म्हणून दाब उतरला असेल. पण वातावरणाचा दाब धरून हिशोब केला तर एवढ्या कमी दाबावर दहा अंशांच्या फरकाने एक पीएसआयसुद्धा पुरता हलत नाही. साडेतीन उतरायला टायर जवळजवळ ४० अंशांनी थंड व्हायला हवा. हा सगळा हिशोब मी वाळूत बसून केला आणि मग लक्षात आले की त्याची गरजच नव्हती, कारण बाकीची तीन चाकेही त्याच वाळवंटात निवत होती.

म्हणजे चाक गळत होते, हळूहळू. काही तासांत ते नऊ पीएसआयच्या आसपास पोहोचत असणार आणि तिथून एखादा आडवा उतार कड सोडवायला पुरेसा होता. प्रश्न एवढाच होता की गळत कुठून होते, कारण शारजाच्या सनय्यातल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, टायरच्या दुकानात हे चाक आधीच दोनदा पाण्याच्या हौदात बुडवून झाले होते आणि दोन्ही वेळा एकही बुडबुडा आला नव्हता. दुकानदाराने व्हॉल्व्ह बदलला, पिन बदलली, कडेला काळे सीलर फासले आणि शेवटी टायर जुना झाल्याचे सांगून नव्या चार टायरांचा भाव लिहून दिला. टायरवर १८२२ असा आकडा आहे, म्हणजे तो २०२२ च्या अठराव्या आठवड्यात बनला; पासिंगची पाच वर्षांची मर्यादा अजून बाकी आहे. तरीही मी ऑल-टेरेनचा संच घ्यायला जवळजवळ निघालोच होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा सगळा कारभार झाला.

कोडे सुटले मंगळवारी रात्री, आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये. चाक काढून फरशीवर आडवे ठेवले, आतली बाजू वर केली आणि भांडी घासायचे द्रव पाण्यात मिसळून कडेच्या चहूबाजूंनी फवारले. ३५ पीएसआयवर काहीही झाले नाही. दहा मिनिटे नुसते बघत बसलो. नातूर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, येऊन म्हणाला की फरशी चिकट झाली तर सकाळी त्यालाच बोलणी खावी लागतील, म्हणून त्याच्या हातात पुसायचे फडके देण्याऐवजी मी माझ्याच हाताने फरशी पुसली आणि त्याला टॉर्च धरायला बसवले. मग आहे त्या स्थितीत हवा १४ वर आणली. दोन-तीन मिनिटे गेली आणि आतल्या कडेवर, साधारण वीतभर लांबीत, उकळत्या भाताच्या पेजेवर येतो तसा बारीक, दाट, पांढरा फेस उगवू लागला. बुडबुडे सुटे दिसतच नव्हते. फेसाची एक मिशी हळूहळू जाड होत होती. नातूर पहिल्यांदा हसला. मी हवा पुन्हा ३५ वर नेली तेव्हा मिशी वाढायची थांबली, १४ वर आणली तेव्हा पुन्हा वाढू लागली. हा खेळ आम्ही तीनदा केला.

कारण आता उघड वाटते. टायरची कड रिमच्या काठावर दाबून धरतो तो आतल्या हवेचा दाब. ३५ वर जेवढा जोर असतो त्याच्या दोनपंचमांश जोर १४ वर उरतो. रिमच्या बैठकीत बारीक दोष असेल तर रस्त्याच्या दाबावर रबर त्यावर घट्ट चेपले जाते आणि दोष झाकला जातो. वाळवंटाच्या दाबावर तेच रबर सैल पडते आणि हवेला वाट मिळते. दुकानात सगळे चाक ४० वर फुगवून हौदात टाकतात, म्हणून तिथे ते निर्दोषच दिसणार. त्यात दुकानदाराची लबाडी नव्हती, पण गाडी वाळूत जाते आणि गळती तिथेच होते असे मी दोनदा सांगूनही त्याने चाक कमी दाबावर बुडवून पाहिले नाही, एवढी तक्रार मात्र माझी आहे.

बुधवारी दुसऱ्या दुकानात टायर उतरवला. रिमच्या आतल्या बैठकीवर फेस आला त्याच वीतभर भागात ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी साचलेली होती, तिच्याखाली वाळलेल्या सीलरचा थर होता आणि तो आमच्या दुकानदाराच्या थरापेक्षा बराच जुना होता. बॅलन्सिंगच्या यंत्रावर रिम फिरवून काठाजवळ स्क्रूड्रायव्हर धरला तर आतला काठ एका जागी सुमारे तीन मिलिमीटर आत दबलेला निघाला. कोणत्या तरी वाडीतल्या (इकडे वाडी म्हणजे कोरडे नदीपात्र) दगडाचा हा प्रसाद असावा. माझ्या आधीच्या मालकांपैकी कुणाला तरी हे माहीत होते, त्याने सीलर फासून गाडी पुढे ढकलली आणि ती यथावकाश माझ्या गळ्यात पडली. ताशी ११० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंगला आणि सीटला जी बारीक थरथर जाणवत होती, तिच्याबद्दल मी पहिल्या नोंदीत ‘रिममध्ये वाळू चिकटली असावी’ असे लिहिले होते आणि दोन आठवडे प्रेशर वॉशरवर पैसे घातले होते. वाळूनेही थरथर होतेच, हे सगळ्यांना ठाऊक आहे; माझ्याकडे दोन्ही कारणे एकत्र नांदत होती.

रिम तापवून, ठोकून सरळ करून देणारे सनय्यात भेटतात, पण ठोकलेल्या ॲल्युमिनियमवर वाळवंटात विश्वास टाकायला मन तयार झाले नाही. लोखंडी रिम घ्यावे असाही विचार आला, कारण ते वाकले तरी वाळूतच हातोड्याने थोडेफार मार्गावर आणता येते; पण एकच चाक जड ठेवून काय करायचे, आणि पाचही बदलायचे तर आकडा वाढतो. शेवटी शारजात जुन्या सुट्या भागांच्या गल्लीत गेलो. दुकानदार उस्तादांनी मूळ १७ इंची रिमांचा चारांचा संच १२०० दिरहमला घ्या, एक सुटे मिळणार नाही, असा हट्ट धरला. चहा झाला, त्यांच्या पेशावरची आणि माझ्या मिरजेची चौकशी झाली, आणि एक रिम २५० ला ठरले. घेण्याआधी मी चारही रिमे समोरच्या टायरवाल्याच्या यंत्रावर फिरवून पाहायला लावली. त्यांतली दोन वाकडी निघाली. संच घेतला असता तर माझ्याकडे आज एकाऐवजी तीन वाकडी रिमे झाली असती. जुने रिम घेताना बाहेरची चकाकी पाहू नये, आतला काठ पाहावा. खड्ड्याचा आणि दगडाचा मार तिथे बसतो आणि विकणारा तो भाग भिंतीकडे करून ठेवतो.

या खर्चामुळे डिसेंबरपूर्वी गाडी दोन इंच उचलायचा बेत मी रद्द केला आहे. तसेही त्याची परवानगी, तपासणी आणि मुल्कियाच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राच्या, वेळचे सोपस्कार आले असते, आणि माझ्या पातळीवरच्या टेकड्यांवर एफजेची मूळ उंची कमी पडल्याचा एकही प्रसंग अजून आलेला नाही. कमी पडला तो वेग, तोही दोनदा, आणि त्यावर स्प्रिंगांचा उपाय नाही. शनिवारी पॉपआउटच्या आधी, सकाळच्या दवाने वाळू घट्ट असताना, मी एक लांब चढ पहिल्याच प्रयत्नात चढलो, शिखरावर ॲक्सिलरेटर नेमका सोडला, नाक अलगद पलीकडे उतरले आणि पोट वाळूवर टेकले नाही. रेडिओवरून मागच्या स्वीपने, म्हणजे ताफ्यातल्या शेवटच्या गाडीवाल्याने, फक्त ‘छान’ एवढे म्हटले. आठवडाभर मी त्या एका शब्दावर जगलो आहे.

वाकडे रिम मागच्या दारावर स्टेपनी म्हणून लटकवून ठेवावे, असे मी या परिच्छेदात लिहिणार होतो, आणि अर्धे वाक्य लिहिलेही होते. मग विचार केला की स्टेपनी लागते ती नेमकी वाळूत, आणि लावल्या लावल्या तिची हवा १४ वर आणावी लागते, म्हणजे हे रिम जिथे गळते नेमक्या त्याच जागी मी ते वापरणार. ते रिम भंगारात जाईल. नवे घेतलेले मागे डावीकडे बसले आहे आणि कालची अख्खी रात्र त्याने १४ वर काढली. सकाळी गेज लावले तेव्हा काटा १४ वरच होता. पण स्टेपनीचा विषय डोक्यात आल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून लिहिणे थांबवून खाली जाऊन आलो. पॉपआउट झालेले चाक दर वेळी जागेवरच बसवत असल्यामुळे स्टेपनीला ऑक्टोबरपासून कुणी हात लावलेला नाही. तिच्यात २१ पीएसआय निघाले. व्हॉल्व्हची टोपी गायब होती आणि पिनेभोवती लाल वाळूचा गोळा झाला होता.

त्यामुळे शनिवारच्या ड्राइव्हसाठी बॅग भरण्याऐवजी आजचा बेत असा झाला आहे: स्टेपनीला नवी पिन, नवी टोपी, रात्रभर १४ वर ठेवून तपासणी, आणि जमले तर उरलेली तीन चाकेही एकेक करून साबणाच्या पाण्याखाली. हवा सोडायची जी स्क्रूची साधने पिनच बाहेर काढतात ती वेगवान आहेत यात वाद नाही, चार चाकांची हवा मी आता सहा-सात मिनिटांत उतरवतो. पण पिन बाहेर असताना वारा असेल तर तिच्यावर वाळू बसते, आणि ती फुंकून परत घालायची सवय मला लावून घ्यायची आहे. स्टेपनीची तपासणी सुरू झाली आहे. नातूरने मला न विचारताच खांबावर खडूने ‘१४’ आणि खाली वेळ लिहून ठेवली आहे: रात्रीचे ९.४०.