चांदी-सोन्याचे कडवे

आपल्या शाळेत शनिवारची प्रार्थना लांब चालायची. बाकीच्या दिवशी प्रतिज्ञा, एक गीत, प्रभूची प्रार्थना, की लगेच वर्ग. शनिवारी मात्र आम्हा बोर्डिंगच्या मुलामुलींना सतरंजीवर बसवून गुरुजी एकच जुने गीत आठवडेच्या आठवडे शिकवत. 'प्रभू, माझे जीवन घे, ते तुला वाहिलेले असू दे' असा त्याच्या पहिल्या ओळीचा भाव. पुढे गाणारा एकेक गोष्ट देवाच्या स्वाधीन करत जातो. आधी आपले क्षण आणि दिवस, मग हात, पाय, आवाज, ओठ, चांदी-सोने, बुद्धी, इच्छा, हृदय, प्रेम, आणि सर्वांत शेवटी स्वतःला. एका शनिवारी एकच कडवे, असा गुरुजींचा शिरस्ता होता. शाळेने मला काय दिले ते शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असे महोत्सव समितीचे पत्र आले तेव्हा मला या गीताशिवाय दुसरे काही सुचले नाही. पुढे आयुष्यभर मी परिचारिकेचे काम केले, त्याची पाळेमुळेही तिथेच आहेत.

हे गीत फ्रान्सिस रिडली हॅवरगल या इंग्रज बाईंचे. 1836 साली वूस्टरशायरमध्ये एका धर्मगुरूच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्यांना हिब्रू आणि ग्रीक येत असे, गळा उत्तम होता, प्रकृती मात्र कायम नाजूक. 1874 च्या फेब्रुवारीत त्या एका घरी पाच दिवस पाहुण्या म्हणून राहिल्या होत्या. त्या घरात दहा माणसे होती. काहींचा विश्वास नव्हता, काहींचा होता पण त्यात आनंद नव्हता. 'या घरातली सगळी माणसे मला दे' अशी प्रार्थना त्यांनी केली आणि निघण्याआधी प्रत्येकाला काही ना काही लाभले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. शेवटच्या रात्री आनंदाने झोप येईना, तेव्हा एकामागून एक या ओळी मनात जुळत गेल्या. समर्पणाचे गीत म्हटले की आपल्याला वाटते, रडत, मन मारून लिहिलेले असणार. या गीताचा जन्म असा आनंदाच्या जागरणात झाला, हे गुरुजी आवर्जून सांगत. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा असे म्हटले आहे, त्यातल्या 'जिवंत' शब्दापाशी ते थांबत. रोज उठून कामाला लागणारा यज्ञ, असे म्हणत.

गुरुजींची खरी कला अशी, की प्रत्येक कडव्याला ते आपल्या मुलखातला माणूस शोधून आणत. हातांच्या कडव्याला वर्ध्याजवळचे दत्तपूर यायचे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 साली तिथे कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. दिवाण ख्रिस्ती नव्हते. प्रभूला जे हात हवेत ते असे असतात, हे सांगताना गुरुजींना त्याची काहीच अडचण वाटत नसे, आणि आम्हालाही वाटली नाही. वर्गात सगळ्या समाजांची मुले होती.

पायांचे कडवे आले की स्टीफन हिस्लॉप. आज नागपुरात हिस्लॉप कॉलेज म्हटले की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो, पण ज्या माणसाचे ते नाव त्याची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. स्कॉटलंडहून आलेले हे मिशनरी 1845 मध्ये नागपुरात पोचले. त्यांनी शाळा काढली, सुट्टीत दगड आणि जीवाश्म गोळा करत भूगर्भाचा अभ्यास केला. 4 सप्टेंबर 1863 रोजी ते नागपूरजवळच्या टाकळघाटला प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले होते. सोबतची मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे निघाली, हिस्लॉप मागे राहिले, कारण गावातली शाळा तपासायची होती. पावसाळ्याचे दिवस. संध्याकाळी परतताना फुगलेला ओढा आडवा आला. घोडा एकटाच मुक्कामावर पोचला. हिस्लॉपांचे वय 45 होते. गुरुजी इथे आवाज चढवत नसत, साध्या स्वरात विचारत, "शाळा तपासायची राहिली असती तर त्यांना कोण बोललं असतं?" आमच्या बोर्डिंगपासून गावापर्यंत नाला होता आणि भादव्यात तो काय करतो हे आम्ही दर वर्षी पाहत होतो, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला दूरची वाटली नाही.

पण मला खरे लिहायचे आहे ते चांदी-सोन्याच्या कडव्याबद्दल. 'माझे चांदी-सोने घे, त्यातला एक छदामही मी मागे ठेवणार नाही' अशी ती ओळ. हॅवरगलबाईंनी ती लिहिली तेव्हा त्यांच्याजवळ दागिन्यांची सुंदर पेटी होती. एखाद्या सरदारणीला शोभेल अशी, असे त्या स्वतःच म्हणतात. चार वर्षांनी, 1878 च्या ऑगस्टमध्ये, त्यांनी ती पेटी चर्च मिशनरी सोसायटीकडे रवाना केली. जवळजवळ पन्नास दागिने त्यात होते. नाशिकच्या शरणपूरला काम करणारी सोसायटी ती हीच. कोणतीही पेटी भरताना इतका आनंद झाला नव्हता, असे त्यांनी मैत्रिणीला कळवले. आईवडिलांची आठवण असलेले रोजच्या वापरातले एक-दोन ब्रोच आणि वारलेल्या भाचीचे चित्र असलेले लॉकेट एवढेच त्यांनी ठेवून घेतले, पण त्याचीही जी किंमत होईल ती सोसायटीला भरली. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. आठवणी फेकून दे असे देव म्हणत नाही, हेही त्या बाईला कळत होते आणि शब्द दिला आहे तर हिशोब चोख ठेवला पाहिजे, हेही कळत होते. पुढच्याच वर्षी, 3 जून 1879 रोजी, वयाच्या 42 व्या वर्षी त्या वारल्या.

हे कडवे शिकून मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. वेचणी ऐन भरात होती. आई दुसऱ्याच्या वावरात मजुरीने कापूस वेचायची, मीही ओटी बांधून तिच्या शेजारची ओळ धरली आणि वेचता वेचता तिला त्या पेटीची गोष्ट सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "तिच्याजवळ होतं तं तिनं देल्लं. माह्याजवळ काय हाय वं द्याले?" तिची पोत आधीच गहाण पडून गेली होती. गळ्यात काळे मणी तेवढे होते.

शाळा उघडल्यावर मी गुरुजींना तो प्रश्न जसाच्या तसा विचारला. ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "तुझ्या आईला हे कडवं शिकवायला जाऊ नको. ज्याच्या ताटातच नाही त्याला उपास सांगू नये. तिचं जे गेलं ते तिनं दिलेलं नाही, तिच्याकडून गेलेलं आहे." आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातले वचन काढून दाखवले. माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो, असे येशू तिथे म्हणतो.

आज इतक्या वर्षांनी मला वाटते, आत्मत्यागावर मी जितके ऐकले आणि वाचले त्यात याहून महत्त्वाचे काही नाही. आपल्याकडे बाईने सर्वांत शेवटी जेवायचे, उरेल तेवढे खायचे, आणि त्याला त्याग म्हणून तिची आरती ओवाळायची, ही रीत फार जुनी आहे. चर्चमध्येही मी अशी प्रवचने ऐकली आहेत. कर्जापायी गेलेली जमीन, सावकाराने ठेवून घेतलेली पोत, पोटातली भूक, हे काही वधस्तंभ नव्हेत. वधस्तंभ उचलायचा असतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशू म्हणतो की ज्याला माझ्यामागे यायचे आहे त्याने स्वतःला नाकारावे आणि रोज आपला वधस्तंभ उचलावा. 'रोज' हा शब्द मत्तय आणि मार्क देत नाहीत, लूक देतो. 'ज्याला यायचे आहे' हे मात्र तिघेही लिहितात. दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे जवळची होती नव्हती ती दोन बारीक नाणी, टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण दानाच्या दिवशी हमखास वाचतो, पण मार्कमध्ये तिच्या जरा आधीच येशूने विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना धारेवर धरले आहे, ते वचन कोणी वाचत नाही. दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत.

आणि तरी गुरुजींच्या उत्तराने आईची गोष्ट संपत नाही. त्या वर्षी आमच्या चर्चमध्ये हार्वेस्टची, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याची, उपासना झाली. लोकांनी तुरी आणल्या, भोपळे आणले, कोंबड्या आणल्या, वेदीपुढे कापसाचा ढीग लागला, मग रिवाजाप्रमाणे लिलाव. आई रिकाम्या हाताने आली असे मला वाटले. दानाची थैली फिरली तेव्हा तिने पदराची गाठ सोडली आणि वेचणीच्या पहिल्या दिवसाची सगळी मजुरी त्यात टाकली. घरी येताना मी विचारले तर म्हणाली, "पयला दिवस त्याचा. मीनं ठरोलं व्हतं." तिला कोणी सांगितले नव्हते, गुरुजींनी नाही, पाद्रीसाहेबांनी नाही, मी तर नाहीच. पुढे हात चालत होते तोवर दर वर्षी तिने पहिला दिवस असाच काढून ठेवला. गुरुजींना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग तिला माझ्या शिकवण्याची गरजच नव्हती."

नर्सिंगची वर्षे मी इथे थोडक्यात सांगते, कारण ती माझ्या एकटीची नाहीत, सोबत काम केलेल्या सगळ्यांची आहेत. रात्रपाळीत हातांचे कडवे उपयोगी पडले. गळू धुताना, अंग पुसून देताना, बाळंतिणीची कळ येताना तिचा हात धरताना ते आपोआप मनात चालू होई. मला अवघड गेले ते इच्छेचे. 'माझी इच्छा घे, ती तुझी कर, ती यापुढे माझी असणार नाही' असा त्याचा अर्थ. हात देणे सोपे आहे, पैसे देणेही जमते, पण आपलेच खरे असावे हा हट्ट देता येत नाही. वॉर्डात कोणाच्या हाताखाली काम करावे लागते, आपण सुचवलेले डावलले जाते, आपल्या कामाचे श्रेय दुसरीकडे जाते. अशा वेळी मी हे कडवे पुटपुटत राही. कधी मन निवळे, कधी निवळत नसे, तरी म्हणत राही. करिंथकरांस लिहिताना पौल म्हणतो, मी सर्वस्व वाटले, शरीरही जाळायला दिले आणि प्रीती नसली तर मला लाभ नाही. गीतात इच्छेनंतर हृदय आणि प्रेम येते, त्या क्रमात मला आता मोठी जाण दिसते. आधी हट्ट सुटायला हवा, मग प्रेमाला जागा होते.

समितीला एक विनंती. हॅवरगलबाईंना आपले हे गीत वडिलांनी रचलेल्या 'पॅटमॉस' या चालीत म्हटलेले आवडत असे. आपल्या गुरुजींनी मात्र त्याला स्वतःची चाल बसवली होती, पेटीवर सहज वाजेल आणि शेवटच्या बाकावरच्या पोरालाही उचलता येईल अशी. ती कुठे छापलेली नाही. माझ्या वहीत तिची स्वरलिपी आहे, ती या लेखासोबत पाठवत आहे. महोत्सवाच्या उपासनेत गीत याच चालीत घ्यावे, आणि वेळ वाचवायला दोन-तीन कडवी गाळण्याची जी सवय सगळीकडे पडली आहे ती इथे नको. गुरुजींनी एकही गाळले नव्हते. चाल बसवायला मी दोन दिवस आधी येईन, बोर्डिंगच्या मुलींना तेवढी संध्याकाळी मोकळीक द्यावी.