मोबाईल खाली करा, काकू

"काकू, मोबाईल खाली करा. मला काकांचे पाय दिसू देत."

व्हिडिओ कॉलवर फिजिओथेरपिस्ट मुलीने पहिल्यांदा हेच सांगितलं. मी ह्यांचा चेहरा दाखवत बसले होते.

ह्यांना पार्किन्सन्स होऊन सात वर्षं झाली. आम्ही कणकवलीत, न्यूरोलॉजिस्ट कोल्हापुरात. तीन महिन्यांतून एकदा फोंडा घाट चढून जाणं जमतं. व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा कोण नेणार? लेकीने ऑनलाइन सेशन ठरवली, तेव्हा अंगाला हात न लावता फिजिओथेरपी कशी होणार, हेच मला कळेना.

पहिली दोन सेशन वाया गेली. वेळ साडेअकराची होती आणि तोवर सकाळच्या लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या गोळीचा, असर उतरलेला असे. हे खुर्चीतून उठेनात. मग फिजिओथेरपिस्ट मुलीने गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या आणि सेशन नऊला आणलं, आठची गोळी लागू झालेली असताना.

खरी अडचण न्हाणीघराच्या दाराशी होती. तिथे ह्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. मी हात धरून ओढायची. अंग पुढे यायचं, पाय मागेच. दोनदा पडले. कॉलवर मात्र पाय सुरळीत पडले! समोर कोणी बघत असलं की असं होतं, म्हणाली. म्हणून तिने संध्याकाळचा, घाईतला व्हिडिओ काढून पाठवायला सांगितला. त्यात तिला दिसलं की हे दाराशी जागच्या जागी वळतात. "एसटी स्टँडात कशी मोठं वळण घेते, तसं वळा काका," ती म्हणाली. मला म्हणाली, ओढू नका. थांबायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, मग पाऊल टाकायचं.

तिच्या सांगण्यावरून पडवीपासून न्हाणीघरापर्यंत जमिनीवर पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या लावल्या, एकेका पावलाच्या अंतरावर. चालण्याची आपोआपची लय सांभाळणारा मेंदूचा भागच या आजारात बिघडतो. डोळ्यांना रेघ दिसली किंवा कानाला ठोका मिळाला, की मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल उचलवतो. ह्यांना मेट्रोनोमची, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या यंत्राची, टकटक आवडेना. जन्मभर भजनात पखवाज वाजवलेला माणूस! तिने मेट्रोनोमवर गती ठरवून दिली आणि मी त्याच गतीने टाळ्या वाजवू लागले. पहिल्या दिवशी हे न अडखळता दारापर्यंत गेले, तेव्हा मला रडू आवरेना.

सेशन चालू असताना मी ह्यांच्या मागे, जरा बाजूला उभी राहते. ते पथ्य तिने पहिल्याच दिवशी घातलंय. पावसात नेट गेलं की ती साधा फोन करते आणि मोठ्याने आकडे मोजते.

संध्याकाळी अजूनही कधीकधी पाय अडतात. दमट हवेने पट्ट्याही सुटतात. परवा नव्या लावल्या, तेव्हा अंतर ह्यांनीच मोजून दिलं.