सात ठिपके

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आमच्या कॉलेजात मराठी भाषा गौरव दिन होतो. यंदा मराठी विभागाच्या मॅडमना तो संगणक लॅबमध्ये करायचा होता: मुलं स्वतःच्या कविता मराठीत टाइप करणार, आणि मशीन चालू केल्याबरोबर लॉगिनच्या पडद्यावर एका मुलीने काढलेलं सह्याद्रीचं चित्र दिसणार. लॅब माझ्याकडे. ३२ मशीन, सगळ्यांवर झुबुंटू २२.०४, म्हणजे उबुंटू लिनक्सचाच एक प्रकार. आदल्या संध्याकाळी तासाभराचं काम, असा माझा हिशोब.

चित्राने पहिला अर्धा तास खाल्ला. ते मी माझ्या होम फोल्डरमध्ये ठेवून लॉगिन सांभाळणाऱ्या लाइटडीएम या प्रोग्रामच्या ग्रीटरच्या, म्हणजे लॉगिनच्या पडद्याच्या, सेटिंगमध्ये त्याचा पत्ता दिला, तर पडदा काळाच. लॉगिनचा पडदा आपल्या नावाने चालत नाही, 'लाइटडीएम' नावाच्या वेगळ्या युजरच्या नावाने चालतो. उबुंटूने २१.०४ पासून नवीन होम फोल्डर इतरांना बंद करून टाकलेत, तेव्हा त्या बिचाऱ्याला माझ्या घरात शिरताच येईना. चित्र सगळ्यांना वाचता येणाऱ्या बॅकग्राउंड्सच्या फोल्डरमध्ये हलवलं, आणि सह्याद्री उगवला.

मॅडम बघायला आल्या. "छान आहे, पण वरची ती पट्टी आभाळावर येतेय हो." पट्टीवर मशीनचं नाव, घड्याळ, कीबोर्डची खूण, भाषा, बंद करायचं बटण अशी बरीच गर्दी होती. इंडिकेटर्सच्या ओळीतून मी घड्याळ आणि बटण तेवढं ठेवलं, बाकी सगळं पुसलं. मग कीबोर्डची फाइल उघडून त्यात इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांची कीबोर्डवरची मांडणी, घातलं. उद्या सगळं मराठीतच आहे म्हणून ते पहिलं, इंग्रजी दुसरं, आणि अदलाबदलीला ऑल्ट-शिफ्ट. माझ्या टेबलावरून एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरायची सोय) सगळ्या फाइली ३२ मशीनवर ढकलल्या, लाइटडीएम रीस्टार्ट केला, एका मशीनवर लॉगिन करून पाहिलं. झालं. मराठी टायपिंग सकाळी बघू म्हणून सगळं बंद करून घरी गेलो.

सकाळी मी पोचेपर्यंत मुलं जागेवर बसलेली होती. "सर, पासवर्ड चुकीचा म्हणतंय." एकाच्या नाही, सगळ्यांच्या मशीनवर. मुलांचं खातं एकच आणि पासवर्ड 'कॉलेज', रोमन लिपीत, सगळी छोटी अक्षरं. (तो का ठेवला होता हे विचारू नका. आता बदललाय.) मी स्वतः टाइप केला, बोटाने मोजत. सात अक्षरं, सात ठिपके. पासवर्ड चुकीचा.

पहिला संशय अर्थातच मुलांवर. कुणीतरी पासवर्ड बदलला असणार म्हणून टेबलावरून तीन मशीनवर तो पुन्हा तोच करून आलो. फरक शून्य. त्याच टेबलावरून त्याच खात्याने, त्याच पासवर्डने एसएसएच केलं, तर मशीनने सरळ आत घेतलं! लॉगमध्ये मात्र लाइटडीएमच्या नावाने नकारांची रांग लागलेली. पासवर्ड बरोबर आहे, खातं बरोबर आहे, फक्त या पडद्यालाच तो पटत नाही. प्राचार्य साडेदहाला येणार होते. दहा वाजून गेले होते.

ठिपके काही बोलत नाहीत. म्हणून नावांच्या यादीतून 'अदर' निवडलं आणि जिथे युजरचं नाव लिहायचं, तिथेच पासवर्ड टाइप केला. निदान अक्षरं तरी दिसतील. माझ्या खांद्यावरून मॅडम वाचायला लागल्या, "म... द... त... अहो, इथे 'मदत' लिहिलंय!"

खरंच लिहिलं होतं. इनस्क्रिप्टमध्ये सीच्या जागी म, ओच्या जागी द, एलच्या जागी त. पुढे 'ता' आणि त्याला लोंबकळणारे एक उकार आणि एक काना. ३२ मशीन तासभर माझ्याकडे मदत मागत होती आणि मी मुलांवर संशय घेत बसलो होतो.

"सगळ्यांनी ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबा, मग पासवर्ड." पहिल्या रांगेतून "झालं सर!" आलं आणि मग ते मागे सरकत गेलं. एका मुलाने जोशात दोनदा दाबलं आणि परत मराठीत आला.

मग रात्री माझं लॉगिन कसं झालं? कीबोर्डची ती फाइल लाइटडीएम वाचत नाही. मशीन सुरू होताना जोडलेली उपकरणं ओळखणारं यूडेव्ह ती वाचतं आणि पडदा चालवणाऱ्या एक्स सर्व्हरला कळवतं. मी फक्त लाइटडीएम रीस्टार्ट केला, तेव्हा जुनाच कीबोर्ड चालू राहिला. रीबूट केलं असतं किंवा यूडेव्हला ट्रिगर दिला असता, तर तिथल्या तिथे कळलं असतं. आणि पडद्यावर कीबोर्डची खूण असती तर सकाळी दोन मिनिटांत कळलं असतं. ती मी आभाळासाठी पुसली होती.

कार्यक्रम पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला. दुपारी इंग्रजी पहिलं केलं, मराठी दुसरं, खूण परत लावली आणि या वेळी बत्तीसच्या बत्तीस मशीन रीबूट केली. मॅडम दारातून डोकावल्या. "पट्टी परत मोठी झाली का हो?"

"राहू दे मॅडम," म्हटलं, "ढग समजा."