लेप माशाचा सरकणारा डोळा

कोल्हापूरकरांचा जीव मटणात असला, तरी रत्नागिरीहून आंबा घाट चढून आलेला लेप इथल्या मासळीबाजारात मिळतो. तो हातात घेतला की दोन्ही डोळे डाव्या बाजूला, एकमेकांना खेटून दिसतात, एक कुशी तपकिरी आणि दुसरी फिकट असते. अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा मात्र हे पिल्लू चारचौघा माशांसारखेच सरळ पोहते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो.

पुढे एक डोळा सरकून दुसऱ्या बाजूला येतो, आणि ही उलथापालथ थायरॉइडचे संप्रेरक घडवून आणते. हे संप्रेरक पेशीकेंद्रकातील ग्राहक-प्रथिनांना चिकटते आणि कवटी, स्नायू, त्वचा यांतील ठरावीक जनुके चालू किंवा बंद होतात. जपानी फ्लाउंडर या लेपासारख्याच चपट्या माशाच्या पिल्लांना थायोयुरिया हे रसायन देऊन संप्रेरक थांबवले तेव्हा रूपांतर अडून राहिले, आणि जादा संप्रेरक दिल्यावर ते लवकर उरकले. बेडकाच्या पिल्लाचे शेपूट झडते तेही याच संप्रेरकामुळे, हे मला विशेष वाटते.

डोळा कोणत्या बाजूला जाणार, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. गर्भावस्थेत शरीराची डावी बाजू ठरवून गप्प झालेले पिटएक्स-२ हे जनुक रूपांतराच्या तोंडावर मेंदूतील हॅबेन्युला या भागात, तेही फक्त डावीकडे, पुन्हा जागे होते. ते जागे झाले नाही, तर डोळ्याची बाजू बेभरवशाची ठरते. रंगही एकाच बाजूला येतो, कारण रंगपेशी पुढे प्रामुख्याने डोळ्यांच्या बाजूलाच तयार होतात.